एनिडला कावळा शिवेना

आमच्या घरावर सुतक आलं आहे, हे मला बँकेच्या रिस्क कमिटीच्या मीटिंगमध्ये कळलं. विद्याचा फोन सारखा वाजत होता. माझी बायको ऑफिसच्या वेळेत फोन करत नाही. मागे घरात गीझर फुटून बेडरूमभर पाणी झालं, तेव्हासुद्धा तिनं ‘येताना पोहण्याची चड्डी आण’ एवढाच मेसेज टाकला होता. म्हणून मी घाबरून फोन उचलला.

“देवदत्त, एनिड गेली,” विद्या म्हणाली. “आई नुसत्या पाण्यावर आहे. शुगरची गोळी घे म्हटलं, तर म्हणते आता कशाला? तू घरी ये बाबा.”

“काय! एनिड गेली?” मी ओरडलो. सगळी कमिटी माझ्याकडे बघायला लागली.

आता एनिड कोण, हे सांगणं भाग आहे. तेवढंच तिथल्या तिथे सांगून टाकलं असतं, तर पुढचं काहीच घडलं नसतं. एनिड थॉर्नली ही ‘ब्रॅम्बल रो’ नावाच्या इंग्लंडमधल्या मालिकेतली चिप्सच्या दुकानाची मालकीण. ही मालिका माझ्या लग्नाआधीपासून चालू आहे आणि माझ्या मागेही चालू राहील. सासरे सौदीतल्या दम्मामच्या बंदरात नोकरीला असताना शेजारच्या इंग्लिश बाईनं माझ्या सासूबाईंना मालिकेच्या कॅसेट्स दिल्या आणि त्यांवर सासूबाई इंग्लिश शिकल्या. सासरे गेले, दम्माम सुटलं, कॅसेटची सीडी झाली, सीडीचं इंटरनेट झालं, पण एनिड राहिली. सासूबाई, म्हणजे पद्मिनीबाई, आमच्याकडे रियाधला व्हिजिट व्हिसावर येतात, तेव्हा बॅगेत मेतकूट असतं आणि तोंडात एनिड. मी आवाज चढवला की त्या शांतपणे म्हणतात, “डोन्ट यू टेक दॅट टोन विथ मी, यंग मॅन.” मी पन्नाशीला आलोय.

“सगळं ठीक आहे ना?” अरवानं विचारलं.

अरवा आमची हेड. वयानं माझ्यापेक्षा पुष्कळ लहान, पण तिनं भुवई उचलली की मला माझे दहावीचे मार्क आठवतात. माझं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू करायची फाइल त्या आठवड्यात तिच्याच टेबलावर होती. इथे कॉन्ट्रॅक्ट म्हणजे इकामा, राहायचा परवाना. इकामा म्हणजे घर, गाडी, आमच्या मुलीची, आर्याची शाळा, सगळंच. आणि गेल्याच महिन्यात खोटं मेडिकल सर्टिफिकेट देणाऱ्या एका गृहस्थांना तिनं हसतमुखानं विमानात बसवून दिलं होतं. तेव्हा खरं बोलणं शहाणपणाचं होतं, हे मलाही कळत होतं. पण टेबलाभोवती बाहेरचे ऑडिटर बसले होते, मी नवीन ब्लेझर घातला होता आणि नुकतंच ‘भावनेच्या भरात घेतलेले निर्णय’ या विषयावर बोलून बसलो होतो. सासूबाईंच्या मालिकेतली बाई मेली, हे कोणत्या तोंडानं सांगायचं?

“अ डेथ इन द फॅमिली,” मी म्हणालो.

अरवानं लॅपटॉप मिटला. सगळे उठून उभे राहिले. ऑडिटरसुद्धा. एका ऑडिटरनं मला मिठी मारली. अरवानं हळू आवाजात प्रार्थनेचे शब्द उच्चारले आणि म्हणाली, “यल्ला, घरी जा. लोक भेटायला कुठे येतील?”

“घरीच, सासूबाईंजवळ,” मी म्हणालो. मला वाटलं, विचारायची पद्धत असेल.

घरी पोचलो तर हॉलमध्ये टीव्हीच्या वर एनिडचा रंगीत फोटो, त्याला आर्याच्या गॅदरिंगमधला कागदी फुलांचा हार आणि पुढे समई. सासूबाई पांढऱ्या साडीत सतरंजीवर बसलेल्या. फोटो आर्यानं शाळेच्या प्रोजेक्टच्या ग्लॉसी कागदावर छापून दिला होता.

“बाबा, आय टोल्ड हर शी इज नॉट रिअल,” आर्या म्हणाली. “आजी सेड, नायदर इज युअर बॉयबँड.”

मी सासूबाईंच्या समोर बसलो. समजावायचं होतं, पण त्यांचा चेहरा बघितला आणि मला खरोखर धक्का बसला. डोळे सुजले होते. सासरे गेले तेव्हा ही बाई पाहुण्यांना चहा करत होती.

“नातीच्या लग्नात हो,” त्या म्हणाल्या. “कालव्याच्या पुलावरून पडली. लाल कोट तेवढा वर दिसला पाण्यात. पेटी बंद. शेवटपर्यंत तोंड नाही दाखवलं मेल्यांनी.”

“आई, सत्य स्वीकारायला हवं,” मी म्हणालो. “एनिड गेली. चाळीस वर्षांनी बाईला सुटका हवी असेल.” हे वाक्य लक्षात ठेवा. मला ते पुढे बरंच ऐकवलं गेलं.

“तेच म्हणते मी. मग नीट वाटेला लावू दे तिला. तिच्या नावानं घास ठेवायचा. कावळा शिवला की मी जेवते.”

“ते दहाव्या दिवशी असतं ना?” विद्यानं विचारलं.

“दहाव्यापर्यंत माझा व्हिसा संपतोय.”

घास कशाचा, हा प्रश्नही सासूबाईंनी सोडवून ठेवला होता. एनिडनं जन्मभर बटाटे तळले, तेव्हा चिप्स. त्यावर व्हिनेगर, कारण एनिड व्हिनेगरशिवाय चिप्स देत नसे. विद्यानं तळले, सासूबाईंनी आंघोळ करून त्यांच्यावर व्हिनेगरची धार धरली आणि घरातला पुरुष म्हणून ताट माझ्या हातात आलं.

रियाधच्या मलज भागातल्या आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पाण्याच्या टाक्या आहेत, डिश अँटेना आहेत आणि असंख्य कबुतरं आहेत. कावळा नाही. इतक्या वर्षांत मी तिथे कावळा पाहिलेला नाही. तरी ब्लेझर घालून, पत्रावळीच्या जागी फॉइलचं ताट ठेवून, मी आभाळाकडे तोंड करून ओरडलो, “काव! काव!” एम.बी.ए. फायनान्स. कबुतरं जमा झाली. ही कबुतरं एसीच्या पाइपाचं रबर खातात. त्यांनी चिप्सपाशी चोच नेली, व्हिनेगरचा वास घेतला आणि सगळीच्या सगळी मागे सरकली. त्या क्षणी मला माझ्या पदाची फार कीव आली.

“देवदत्तभाव? काय झाला?”

मागे मोहियुद्दीनभाई उभे होते. हे आमचे वरचे शेजारी, रत्नागिरीकडचे. बत्ह्याच्या बाजारात त्यांचं कार्गोचं दुकान आहे, पण त्यांची खरी ओळख वेगळी. रियाधमध्ये आपल्याकडचा कुणी माणूस वारला की पहिला फोन मोहियुद्दीनभाईंना जातो. कफीलची, म्हणजे नोकरी देणाऱ्या मालकाची सही, पोलिसांचा कागद, एम्बसीची एनओसी, विमानातली जागा, सगळं हा माणूस स्वतः धावपळ करून करतो. किती जणांना त्यांनी असं गावी पोचवलं असेल, ते तेच जाणोत. अशा माणसानं मला काव काव करताना पाहिलं. खरं सांगावं तर मी वेडा ठरत होतो. खोटं सांगावं तर निदान दुःखी ठरत होतो.

“एक बाई गेल्या,” मी म्हणालो. “सासूबाईंच्या फार जवळच्या.”

त्यांनी डोक्यावरची टोपी नीट केली. “इन्ना लिल्लाही. मयत खंय हाय?”

“इंग्लंडला.”

“विजिट वीजावर व्हती?”

“नाही. तिथलीच. ब्रिटिश.”

“मंग एम्बसी वायली, आपली नाय.” त्यांनी फोन काढलासुद्धा. “तुमी काय टेन्शन घेव नुको. बर्मिंगहॅमला माजो भाचो हाय शादाब. नाव सांगा बाईचा.”

माझ्या तोंडून नाव गेलं. माणूस मदतीला धावला की त्याला थांबवायला एक वेगळीच हिंमत लागते, आणि ती माझ्यात नाही. गच्चीवरून खाली येईपर्यंत माझ्या फोनवर ‘एनिड आपा मदत ग्रुप’ उघडलेला होता आणि त्यात मला ॲडमिन केलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून लोक यायला लागले. मला लोक इतके चांगले असतात, याचाच धक्का बसला. मोहियुद्दीनभाईंच्या पत्नी हफीजा बिर्याणीचं पातेलं घेऊन आल्या. खालच्या मजल्यावरून खबूसच्या रोट्या आणि डाळ आली. ज्या शेजाऱ्याशी पार्किंगवरून माझं बोलणं बंद होतं, त्यानं येऊन माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाला की गाडी आता कुठेही लावा. बायका आत हॉलमध्ये सासूबाईंजवळ, पुरुष बाहेरच्या खोलीत माझ्याजवळ. मी मान खाली घालून बसलो होतो. ते दुःख आहे असं सगळ्यांना वाटत होतं.

सासूबाई मात्र एक अक्षर खोटं बोलल्या नाहीत. कुणी विचारलं तर त्या अगदी खरं सांगत होत्या, आणि ते बाहेर मला ऐकू येत होतं.

“फार सोसलं हो तिनं,” सासूबाई म्हणाल्या. “चार नवरे झाले.”

“चार!” हफीजा म्हणाल्या.

“पहिला पळाला. दुसरा मेला असं वाटून तिनं तिसरा केला, तर दुसरा परत आला.”

“या अल्ला! मंग?”

“मग तिसऱ्यानं त्याला कालव्यात ढकललं. आळ आला हिच्यावर. वर्षभर तुरुंगात होती. तिथे कैद्यांना चिप्स करून घालायची.”

हॉलमध्ये कुणी चमचा खाली पाडल्याचा आवाज आला.

“आनि चौथा?”

“चौथा तिच्या सख्ख्या बहिणीचा नवरा.”

“तोबा! आनि तुमी तिच्याशी बोलत व्हताव?”

“बोलायची वेळच कुठे आली? मी नुसती बघत राहिले,” सासूबाई म्हणाल्या आणि पदर डोळ्यांना लावला. हफीजाही रडायला लागल्या. कुणाच्या आयुष्यात एवढं घडू शकतं, याच्या धक्क्यानं असेल.

बाहेर मोहियुद्दीनभाईंची वेगळीच पंचाईत झाली होती. शादाबनं बर्मिंगहॅमहून फोनवर फोन केले होते. “देवदत्तभाव, तो म्हंतो ब्रॅम्बल रो नकाशात सापडना. हॉस्पिटलात पन नाव नाय. मयत गायब केलान की काय कोनी? मी आता थेट ब्रिटिश एम्बसीत जातो.”

“नको!” मी इतक्या जोरात म्हणालो की पार्किंगवाल्या शेजाऱ्यानं मला पाणी दिलं.

त्यातच बँकेच्या पोर्टलवरून निरोप आला. माझ्या रजेचा अर्ज अपूर्ण होता. ‘मयताशी नातं’ या रकान्यात आई, वडील, पती, पत्नी, मूल, भावंड यांपैकी एक निवडायचं होतं आणि खाली मृत्यूचा दाखला जोडायचा होता. एनिड माझी कोण? मी प्रामाणिकपणे ‘इतर’ शोधत होतो. पोर्टलला ‘इतर’ मान्य नव्हतं. मी मनाशी ठरवलं, आता उठायचं आणि सगळ्यांना खरं सांगायचं. घसा साफ केला. उभा राहिलो. “मला काही सांगायचंय,” असं म्हणालोसुद्धा.

तेवढ्यात बेल वाजली. दारात अरवा होती. हातात कहव्याचा, म्हणजे अरबी कॉफीचा, मोठा थर्मास, मागे ड्रायव्हर खजुराचे खोके घेऊन. मला बघून ती म्हणाली, “तुझ्या सासूबाई कुठे आहेत? आधी त्यांना भेटते.”

आत टीव्हीवर फोटो होता. हाताखालच्या माणसाच्या घरी पहिल्यांदाच आलेली माझी हेड, तिच्या टेबलावर माझी फाइल, आणि समोर हार घातलेली मालिकेतली बाई. मी तिच्या पुढे पळालो. “विद्या, फोटो!” असं मराठीत कुजबुजलो. विद्यानं फोटोकडे हात नेला, तर सासूबाई कडाडल्या, “खबरदार तिला हलवलंस तर!”

अरवा आत आली. बायकांनी जागा करून दिली. तिनं सासूबाईंकडे जायला पाऊल टाकलं, वर बघितलं आणि जागच्या जागी थांबली. थर्मास तिच्या हातात तसाच. तिचा चेहरा पांढरा पडला. मी डोळे मिटले. सामानाची बांधाबांध मोहियुद्दीनभाईंकडूनच करून घ्यावी, असा विचारही माझ्या मनात येऊन गेला.

“एनिड?” अरवा म्हणाली. मी डोळे उघडले.

“एनिड थॉर्नली? ब्रॅम्बल रो? ती मेली?” तिचा आवाज फाटला. “कधी? मी दोन आठवडे मागे आहे! मला कुणी सांगितलं कसं नाही?”

“परवा,” सासूबाई इंग्लिशमध्ये म्हणाल्या. “इन द कनॅल, लव्ह.”

अरवा तिथेच सतरंजीवर बसली. ती लीड्सला शिकायला गेली होती, एकटी, वय अठरा. घरमालकीण रोज संध्याकाळी तिला एनिडपुढे बसवायची. “त्या शहरात माझ्याशी पहिल्यांदा कुणी बोललं असेल, तर ती एनिड,” ती म्हणाली. सासूबाईंनी तिचा हात धरला. “दम्माममध्ये माझ्याशीही,” त्या म्हणाल्या. मग दोघी रडल्या. आमच्या हेडला रडताना मी पहिल्यांदाच पाहत होतो. बाहेरून मोहियुद्दीनभाईंनी हळूच विचारलं, “मॅडम पन नात्यातल्या काय?”

थोड्या वेळानं अरवानं मला जवळ बोलावलं. “तू मीटिंगमध्ये म्हणालास, घरातलं कुणीतरी गेलं.”

“हो,” मी म्हणालो.

“खरं बोललास,” ती म्हणाली आणि डोळे पुसले.

विद्यानं मला खुर्ची दिली. मी खुर्चीत बसून आयुष्यात पहिल्यांदाच एनिडच्या आत्म्याला मनापासून शांती चिंतली. आणि नेमकी आर्या लॅपटॉप घेऊन आली.

“आजी, न्यू एपिसोड आलाय. लावू?”

“लाव,” सासूबाई म्हणाल्या. “आज वकील मृत्युपत्र वाचणार आहे. सगळ्यांनीच बसा.”

आर्यानं लॅपटॉप टीव्हीला जोडला. हफीजा, विद्या, अरवा, खालच्या मजल्यावरच्या बायका, सगळ्या टीव्हीसमोर बसल्या. इंग्लंडच्या नातेवाइकांशी बोलणं होणार आहे, अशी बहुतेकींची समजूत होती. पडद्यावर चिप्सचं दुकान दिसलं. काळ्या कपड्यातली माणसं. वकिलानं पाकीट फोडलं. दुकानाच्या दारावरची घंटी वाजली. दार उघडलं आणि ओल्या केसांची, कुणाचातरी मोठा रेनकोट घातलेली एक बाई आत येऊन म्हणाली, “माझ्या फ्रायरला हात कुणी लावला?”

एनिड.

हफीजांनी अशी किंकाळी फोडली की समई विझली. खालच्या मजल्यावरची एक बाई चपला न घालता जिन्यापर्यंत गेली. अरवा उठून उभी राहिली, अरबीत काहीतरी ओरडली आणि तिनं माझ्या सासूबाईंना गदागदा हलवलं. मी टीव्हीवरच्या हार घातलेल्या फोटोकडे बघत होतो आणि खाली जिवंत बाईकडे बघत होतो.

“कोट!” सासूबाई ओरडल्या. “कोट तिनं त्या मेल्या बहिणीला दिला होता! म्हणून पेटी बंद! आणि तुम्ही म्हणे सत्य स्वीकारा! कावळा शिवला नाही, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं!”

“आई, रियाधमध्ये कावळे नाहीत,” मी म्हणालो.

“कबुतरंसुद्धा शिवली नाहीत! विद्या, पान वाढ. भूक लागलीय मला.”

किंकाळी ऐकून मोहियुद्दीनभाई दारात आले होते. बायकांच्या बाजूला पाऊल टाकायचं नाही, म्हणून उंबऱ्यावरच उभे. त्यांनी फोटो पाहिला. मग टीव्ही पाहिला. मग मालिकेचं नाव वर आलं आणि गाणं लागलं, तेही पाहिलं. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. इतकं शांतपणे माझ्याकडे कुणी कधी बघितलेलं नाही. पार्किंगवाला शेजारी त्यांच्या खांद्यावरून डोकावत होता. आता दडवायला काहीच उरलं नव्हतं.

“मोहियुद्दीनभाई,” मी म्हणालो, “ती मालिकेतली बाई आहे. मी तुम्हाला गच्चीवरच सांगायला हवं होतं. मला लाज वाटली.”

“म्हंजे मयत नाय?”

“नाही.”

“कोनाच्या घरातला कोन मेला नाय?”

“नाही. माफ करा.”

हफीजा तोंडावर ओढणी धरून त्यांच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी टोपी काढली, डोक्यावरून हात फिरवला, आणि पाहतो तर त्यांचे डोळे भरले होते.

“अल्हम्दुलिल्ला,” ते म्हणाले. “इतकी वर्सां मी लोकांना पेटीत घालून धाडतोय. परत आलेला एक पन नाय बघलो. आज पयल्यांदा बघलो.”

अरवानं कहवा ओतला आणि स्वतः उठून त्यांना उंबऱ्यावर नेऊन दिला. त्यांनी तो एका घोटात संपवला आणि खिशातून फोन काढून ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला. “सगल्यांना सांगतो, एनिड आपा बरी हाय. शादाब, शोधू नुको. बिर्यानी कोनी टाकू नका, खुशीत खावा.”

अरवा निघताना मी तिला दारापर्यंत सोडायला गेलो. “रजेचं...” मी सुरुवात केली.

“रद्द. कुणी मेलं नाही तर रजा कसली? रविवारी बँक उघडते, आठ वाजता ये.”

“आणि माझं कॉन्ट्रॅक्ट?”

“करते रिन्यू,” ती चपला घालत म्हणाली. “एनिडच्या बहिणीला ढकललं कुणी, हे कळेपर्यंत तरी तुम्हाला इथून जाता येणार नाही. उद्या एपिसोड किती वाजता लावता?”

मी परत आलो तेव्हा हॉलमध्ये सगळ्या बायका बिर्याणी खात होत्या आणि सासूबाई त्यांना दुसऱ्या नवऱ्यापासून पुन्हा सांगत होत्या. उंबऱ्यावर मोहियुद्दीनभाईंनी खुर्ची ओढून घेतली होती. पार्किंगवाला शेजारी त्यांच्या पायाशी बसला होता. मला बघून त्यानं हळूच विचारलं, “तिसरा परत आला की दुसरा?”

“दुसरा,” मी म्हणालो आणि त्याच्या शेजारी बसलो.